रजया अजून काढू नकोस

फोन दादाचा होता. तो नुसतं "ये" म्हणाला आणि फोन बंद करायचं विसरला. पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी लिफ्टसाठी थांबायला सांगितलं, आणि मी ते सगळं कान देऊन ऐकत राहिले, जणू त्यात काही माझ्यासाठी निरोप असणार होता. मग मी गॅस बंद आहे ना ते पाहिलं, पंखा बंद केला, बाहेरच्या चपला घातल्या आणि मेट्रोत जाऊन बसले. शेवटचं स्टेशन वैशाली अशी पाटी बघून बसलं की दिल्लीतल्या माझ्या द्वारकेहून गाझियाबादच्या वेशीपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. एवढ्या लांबच्या वाटेत रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. समोर एक मुलगी डब्यातून पोहे खात होती, त्यांत शेंगदाणे नव्हते, एवढंच लक्षात आहे. मध्येच विचार आला की केदारसाठी काहीच घेतलं नाही, रिकाम्या हाताने निघाले. मग आठवलं... आज काही घ्यायचं नव्हतं. त्या दिवसाला आता बरेच आठवडे झाले. तरी अजून बरंचसं तसंच आहे, बातमी कळलेली आहे आणि पोचलेली नाही.

केदार माझा भाचा, दादाचा एकुलता एक मुलगा. पस्तिशीही गाठली नव्हती त्याने. डेंग्यू झाला होता. पावसाळा सरताना दिल्लीत तो घरोघरी कुणाला ना कुणाला होतोच, त्यामुळे आम्ही कुणी फार घाबरलो नव्हतो. मी शेवटची भेटले तेव्हा तो हॉस्पिटलात उशीला टेकून बसला होता आणि नारळपाण्याला वैतागला होता. जास्त बोलू नकोस म्हणून वहिनीने त्याला दटावून ठेवलं होतं. तरी मी निघाल्यावर त्याने मला दारातून परत बोलावलं. म्हणाला, "आत्या, रजया अजून काढू नकोस हां. एक कडवं राहिलंय." मी म्हटलं, तू आधी घरी ये, मग रजयांचं बघू. लोकांच्या शेवटच्या बोलण्यात काही अर्थ असतो, पुढे आयुष्यभर सांगता येण्यासारखं काही असतं. आमचं शेवटचं बोलणं रजयांवर झालं.

तर या रजयांचं सांगायला हवं. केदार रॅपर होता, कुठल्याही कंपनीचा नव्हे, स्वतःचा स्वतः. त्याची जवळजवळ सगळी गाणी माझ्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात तयार झाली. भिंतीत बसवलेलं मोठं कपाट आहे ते. थंडी सरली की माझ्या आणि दादाकडच्याही सगळ्या रजया मी त्यात रचते. कॉलेजात असताना केदारला शोध लागला की त्या रजयांच्या मधे तोंड घालून बोललं की आवाज घुमत नाही. "रजया आवाज खातात," असं तो म्हणायचा. मग वरच्या फळीवर माइक आला, माइकसमोर माझी भरतकामाची रिंग आणि तिच्यावर ताणून बसवलेला माझाच जुना मोजा, म्हणजे प-फ म्हणताना श्वास फटकन माइकवर आदळू नये. आणि तो स्वतः दोन दारांच्या मधे, डोक्यावरून एक पातळ रजई घेऊन, वाफारा घ्यायला बसल्यासारखा. हिवाळ्यात रजया पलंगांवर जातात, कपाट रिकामं होतं, म्हणून त्याचा हंगाम नेहमी उन्हाळ्याचा. बाहेर लूच्या गरम झळा, आत पंखा बंद, कूलर बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, आणि हा रजईत. विमानतळ जवळ असल्यामुळे डोक्यावरून विमान गेलं की थांबायचं, ते गेलं की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांना कळायचंच नाही की ही माणसं बोलता बोलता एकदम गप्प का होतात.

आणि सुरुवात करण्याआधी खोलीचा आवाज घ्यायचा. म्हणजे कुणी काही न बोलता खोली नुसती कशी वाजते ते रेकॉर्ड करून ठेवायचं, नंतर गाण्यातून तेवढं वजा करता येतं म्हणे. मी पलंगाच्या काठावर बसायची. तो हात वर करायचा. तो हात खाली येईपर्यंत हलायचं नाही, खोकायचं नाही, बांगडी वाजवायची नाही. मला नाकाला खाज नेमकी तेव्हाच सुटायची, आणि त्याला ते पाठमोऱ्यानेही कळायचं. पहिल्यांदा मी विचारलं होतं, अरे पण मी बाहेर जाऊन बसते की. तर म्हणाला, नको, तू असतेस तेव्हा खोली वेगळी वाजते. मला वाटलं, लाडीगोडी लावतोय.

त्या काळात त्याने स्वतःचं नाव के-टॉक्सिक ठेवलं होतं. घरात पाल दिसली तर हे टॉक्सिक प्रकरण पलंगावर चढून उभं राहायचं. गाणी हिंदी, मधेमधे पंजाबी, आणि पंजाबी त्याला आमच्या इस्त्रीवाल्याइतकीही येत नव्हती. गाण्यांत गाड्या, सोन्याच्या साखळ्या, दुश्मन. मी म्हणायची, तुझा दुश्मन कोण रे, गणिताचे सर? त्याच्या गाण्यांना संगीत द्यायचा तो फैजान, त्याचा कॉलेजातला मित्र, फरीदाबादचा. वडिलांचा लेथ मशीनचा कारखाना सोडून हा पोरगा लॅपटॉपवर ढोल वाजवत बसायचा, म्हणून त्याच्याही घरी आनंदच होता. दोघं माझ्याकडे यायचे कारण माझ्याकडे कुणी "यातून पुढे काय" असं विचारत नसे. मी एकटी, सरकारी खात्यात नोकरी, संध्याकाळी घरात माणसं असलेली मला आवडायची.

पहिलं गाजलेलं गाणं कुकरमुळे गाजलं. त्या दिवशी मी वरण-भात लावला होता. त्याने सांगितल्याबरोबर गॅस बंद केला, पण कुकरच्या पोटात एक शिट्टी शिल्लक होती. गाण्यात एके ठिकाणी तो "अब सुन" म्हणून थांबतो. तो थांबला, आणि माझ्या स्वयंपाकघरातून लांबलचक शिट्टी झाली. तो चिडला, पण फैजानला ती इतकी आवडली की त्याने ती काढूच दिली नाही. गाणं इंटरनेटवर टाकलं आणि ती शिट्टी पोरांना वेड लावून गेली. कॉलेजांच्या फेस्टमधे हा "अब सुन" म्हणाला की समोरचा अख्खा जमाव तोंडाने शिट्टी करायचा. गुडगावच्या एका क्लबात तर कुणी खरा कुकर घेऊन आलं. मला सुरुवातीला मौज वाटली, नाही कशाला म्हणू. आमच्या ऑफिसात मी सगळ्यांना सांगत फिरले की तो कुकर माझा.

केदारलाही आधी मजा आली. मग ती मजा त्याच्या मानगुटीवर बसली. त्याने नवीन गाणी केली, नाव टाकून दिलं, गाड्या आणि साखळ्या टाकून दिल्या, भाड्याच्या खोल्यांवर लिहिलं, मेट्रोतल्या गर्दीवर लिहिलं, चांगलं लिहिलं. लोक ती ऐकून घ्यायचे आणि शेवटी शिट्टी मागायचे. एकदा नोएडातल्या एका कार्यक्रमात त्याने ते गाणं म्हणणार नाही असं सांगितलं. पाण्याच्या बाटल्या आल्या स्टेजवर. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे येऊन जेवायला बसला. मी भाताला कुकर लावलेला, त्याची शिट्टी झाली आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आत्या," तो म्हणाला, "याचं करिअर माझ्यापेक्षा बरं चाललंय." आम्ही खूप हसलो. त्यानंतर बरीच वर्षं त्याने माइक हातात घेतला नाही. गुडगावात एका कंपनीत जाहिरातींचा मजकूर लिहायला लागला, गळ्यात ओळखपत्र, महिनाअखेर पगार. वहिनीने मुली बघायला घेतल्या. मी कपाटातली रिंग आणि मोजा तिथेच राहू दिला, का ते मलाही ठाऊक नाही.

तो गाण्याकडे परत आला तो दादाच्या ऑपरेशननंतर. हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. भुलेतून बाहेर येताना दादा फक्त मराठीत बोलत होता आणि नर्सला एक अक्षर कळत नव्हतं. वहिनी औषधं आणायला गेली होती, जवळ केदार एकटा. दादा काही काही विचारत राहिला, "मी कुठे आहे, मला घरी कधी नेणार," आणि केदारच्या तोंडून "हो बाबा, हो बाबा" यापलीकडे काही निघेना. संध्याकाळी तो थेट माझ्याकडे आला. म्हणाला, "हिंदीत मी कुणालाही गप्प करू शकतो यार आत्या. बाबाला मराठीत धीर द्यायचा होता, तर माझ्याकडे शब्दच नव्हते." नंतर म्हणाला की यंदाच्या उन्हाळ्यात रजया नीट रच, मला लागतील.

मग त्याने स्वतःच्या नावाने, नुसता केदार म्हणून, मराठीत लिहायला सुरुवात केली. मी हुरळले. मला वाटलं आता मी याला एकेक शब्द देणार. मी त्याला ओसरी दिली, माजघर दिलं, सांजवात दिली. त्याने शांतपणे परत केली. म्हणाला, हे कुठे आहे आपल्याकडे? मी कधी पाहिलं नाही ते मी कसं म्हणू? त्याच्या गाण्यात बाल्कनी होती, इन्व्हर्टर होता, आईचा हिंदी-मराठी खिचडी फोन होता. व्याकरण मधेच लंगडायचं, ते मी सुधारू का म्हटलं तर नको म्हणाला, मी असाच बोलतो. मी काही दिवस फुरंगटून बसले. मग एका दुपारी त्याने दादावरचं कडवं ऐकवलं:

बाबा बाहेर मोठ्याने हिंदी, घरात हळू मराठी,
मी दोन्हीच्या मधल्या दारात, चपला हातात, उभा पाठी

मी दादाला लहानपणापासून ओळखते, आणि हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. खरंच तो घरात हळू बोलतो. त्यानंतर मी केदारला शब्द द्यायचं बंद केलं.

ही गाणी फार थोड्यांनी ऐकली. दिल्लीत मराठी रॅप ऐकणार कोण? पण जुन्या राजेंद्रनगरात आपल्या महाराष्ट्रातल्या गावागावांतून आलेली मुलं-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करत असतात, त्यांच्या कानावर ती गेली. त्यांनी त्याला आपल्या मेसच्या गच्चीवर बोलावलं, रविवारी दुपारी, थंडीतल्या उन्हात. मीही गेले होते. वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधे सतरंजी टाकलेली, मुलं पुस्तकं मांडीवर घेऊन बसलेली. त्याने गाणं म्हटलं आणि संपल्यावर कुणी टाळीच वाजवली नाही. एक मुलगी फोन घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेली आणि घरी बोलायला लागली. कुणी शिट्टी मागितली नाही. परतताना मेट्रोत केदार मला म्हणाला की आज पहिल्यांदा मी घरी परत चाललोय असं वाटतंय. मी म्हटलं, मग इतकी वर्षं कुठे जात होतास? तो हसला नाही.

शेवटचं गाणं घराबद्दलचं होतं. एक कडवं बाबाचं, एक आईचं, एक माझं. माझ्या कडव्यात कुकर असेल म्हणून मी धास्तावले होते. नव्हता. "आत्याच्या घरी पंखा बंद, आत्या तरी बसून" अशी ओळ होती. चौथं कडवं त्याचं स्वतःचं असणार होतं. तो कागदावर काही लिहीत नसे, मेट्रोत ओठ हलवत हलवत सगळं तोंडपाठ करून यायचा. यंदा अख्खा उन्हाळा तो कपाटाशी उभा राहायचा, हात वर करायचा, खोलीचा आवाज घ्यायचा, आणि रजई काढून टाकून म्हणायचा, आज राहू दे. इतकी नावं बदलली, इतके आवाज बदलले, आणि स्वतःबद्दल चार ओळी म्हणायच्या तर त्याला जमेना. "माझं अजून सापडत नाहीये, आत्या." घाई काय आहे, असं मी म्हणाले होते.

तो गेल्यावर इंटरनेटवर सगळीकडे कुकरची चित्रं आली. मी त्या मुलांना दोष देत नाही, त्यांना तो तेवढाच माहीत होता. फैजानने एक श्रद्धांजलीची संध्याकाळ ठेवली होती, तिथे कुणी तरी ते जुनं गाणं लावलं, तो "अब सुन" म्हणाला, आणि सगळ्यांनी मिळून शिट्टी केली. रडत रडत केली. माझ्या शेजारी दादा हात जोडून बसला होता. त्याला वाटलं हा काही तरी विधी आहे. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली की केदार आता कायमचा तिथेच राहणार, शिट्टीपाशी. हे शेवटचं गाणं पूर्ण होऊन बाहेर आलं नाही, तर त्या गच्चीवरचा केदार कुणाला कळणारच नाही.

फैजानलाही तीच भीती असावी. तो एका रविवारी लॅपटॉप घेऊन गाझियाबादला दादाकडे आला, मलाही बोलावलं होतं. हल्ली माणसाचा आवाज कॉम्प्युटरला शिकवता येतो, हे त्याने आम्हाला समजावून सांगितलं. त्याने केदारची सगळी गाणी त्याला ऐकवली होती, आणि कॉम्प्युटरने केदारच्या पद्धतीने चौथं कडवं रचून, केदारच्या आवाजात म्हटलं होतं. "बस आप लोगों की हाँ चाहिए," तो म्हणाला. तो बिचारा किती रात्री झोपला नव्हता ते दिसत होतं. त्याने कडवं लावलं. मी दिल्लीचा, मी मराठी, मी माझ्या मातीचा, असं काहीबाही होतं त्यात. यमकं चोख. व्याकरण कुठेही लंगडत नव्हतं. आणि आवाज... आवाज त्याचाच.

दादा म्हणाला, "पुन्हा लाव." फैजानने लावलं. दादा म्हणाला, पुन्हा. असं कितीदा तरी झालं. वहिनी जमिनीकडे बघत होती. शेवटी दादा म्हणाला की हेच घालूया, आवाज तर त्याचाच आहे ना. दादाला मुलाचा आवाज हवा होता, त्याला नको म्हणणारी मी कोण? तरी म्हटलं, "तो श्वास घेत नाहीये." फैजान खाली बघत म्हणाला, "साँस डाल सकते हैं, आत्या." मग वहिनी बोलली. त्या दिवसापासून तिने जेवणाखाणापलीकडे शब्द काढला नव्हता. ती लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याला सापडलं नव्हतं. मग याला कसं सापडलं?"

दादा उठून बाल्कनीत गेला. परत येऊन फैजानसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मग तिथे काय ठेवणार, नुसतं थांबणार का? फैजानने डोळे पुसले, बराच वेळ काही तरी शोधलं, आणि दुसरं रेकॉर्डिंग लावलं. आधी मला वाटलं काही वाजतच नाहीये. मग लांबून एक विमान गेलं. एक बांगडी किंचित वाजली, माझी. आणि मग श्वास ऐकू आला. त्याचं नाक कायम चोंदलेलं असायचं, लहानपणापासून, तसाच. माझ्या खोलीचा आवाज होता तो, या उन्हाळ्यातला. दादा वाकून स्पीकरला कान लावून बसला. "हा केदार?" त्याने विचारलं. मी म्हटलं, हो. "आणि ही?" म्हटलं, मी. चौथ्या कडव्याच्या जागी तेच ठेवायचं ठरलं.

गाणं आलं. तीन कडवी होतात, ढोल थांबतो आणि खोली ऐकू येते. बऱ्याच लोकांना वाटतं की फोन अडकला. कुणी कुणी खाली कुकरचं चित्र टाकतात. राजेंद्रनगरच्या एका मुलीने लिहिलं होतं की इथे मीही गप्प बसले. दादा आता रोज सकाळी चहाच्या आधी फोन कानाला लावून तेवढाच शेवटचा भाग ऐकतो, असं वहिनी सांगते. रडत नाही, नुसता ऐकतो.

थंडी यंदा लवकर पडली. मी दोन शाली घेऊन झोपत होते आणि खोकत होते. वहिनी रोज फोनवर विचारायची, रजई काढलीस का, आणि मी काही तरी सांगून वेळ मारून नेत होते. एक कडवं राहिलंय, असं तिला कसं सांगणार? परवा चांगलं ऊन होतं, म्हणून एकेक करून सगळ्या रजया काढल्या आणि बाल्कनीत ऊन दाखवायला टाकल्या. त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, दुसरा कसला नाही, मी हुंगून पाहिलं. वरच्या फळीवर रिंग होती, तिच्यावर ताणलेला मोजा. ती तिथेच ठेवली. रिकाम्या कपाटात माझा खोकला मोठा वाजला, म्हणून जरा पलंगाच्या काठावर टेकले. पंखा बंद होता, थंडीच आहे. कपाटाची दोन्ही दारं उघडी होती. बाहेर एक विमान आलं आणि गेलं. मग माझ्या लक्षात आलं की मी बांगड्या हाताने धरून बसले आहे. त्याचा हात खाली आल्यावर उठायचं असतं. मी वाट पाहिली. तशीच बसून राहिले.